एवढ्या पाण्यावर कुणीबी पिकवंल

१९९३ च्या पावसाळ्यात आबा मला पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सोडायला आले होते. फी भरून झाली, वसतिगृहाच्या खोलीची चिठ्ठी मिळायला अजून दोन तास होते. समोर घुमटाची ती दगडी इमारत. मी मान वर करून बघत होतो. आबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "चल, शेत बघू."

मागच्या बाजूला प्लॉट होते. प्रत्येकावर पाटी, पाटीवर पिकाचं नाव, वाणाचं नाव, पेरणीची तारीख. आबा बांधावर उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलून बोटांत चुरली, नाकाशी नेली. पलीकडे पाटाला पाणी चालू होतं. ते त्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग हात झटकून उठले. "एवढ्या पाण्यावर कुणीबी पिकवंल."

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडचे. आमच्या घरात वर्षं आकड्यांनी कमी आणि दुष्काळांनी जास्त ओळखली जातात. बहात्तर साली आबांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती आणि सुकडी खाल्ली होती. त्यांच्या बोलण्यात त्या दिवशी तुच्छता नव्हती, तक्रारही नव्हती. तालीम बघायला आलेल्या जुन्या पैलवानाने हौदातली माती जरा जास्तच मऊ आहे म्हणावं, तसं ते म्हणाले. पण मला ते झोंबलं. चार वर्षं मी त्या महाविद्यालयात त्या वाक्याला उत्तर शोधत होतो, आणि पुढे बँकेत कृषी अधिकारी म्हणून पीककर्जाच्या फायली चाळतानाही शोधतच राहिलो.

गंमत म्हणजे या महाविद्यालयाचा जन्मच पाणी नसल्यातून झाला. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन दुष्काळाने होरपळली, लाखो माणसं मेली, आणि सरकारला शेतसाऱ्यापलीकडेही शेती नावाची काही गोष्ट असते याची आठवण झाली. १८७९ मध्ये पुण्यात शेतीचा वर्ग सुरू झाला, तोही स्वतंत्र नाही, इंजिनिअरिंगच्या पोटात. पूल आणि रस्ते शिकवणाऱ्या कॉलेजच्या एका कोपऱ्यात नांगर आणि खत. १८९९ मध्ये मुंबई विद्यापीठाने बी. एजी. ही शेतीची पदवी सुरू केली आणि १९०७ मध्ये महाविद्यालय वेगळं निघालं. सुरुवातीच्या त्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्यांची नजर शेतापेक्षा सरकारी नोकरीकडे असे, अशी टीका तेव्हाही होत होती. आमच्या वसतिगृहात रात्री दोनपर्यंत दिवे जळत. ते पीकशास्त्रासाठी नव्हे, एमपीएससीसाठी जळत. त्यामुळे 'हल्लीची पोरं' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

पुण्यात तो वर्ग भरत असताना त्याच पुण्यात जोतिराव फुले १८८३ मध्ये लिहीत होते, की रिकाम्या बसलेल्या पलटणीच्या शिपायांना आणि पोलिसांना लावून जागोजाग ताली, बंधारे आणि तळी बांधून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी आणि रानातलं खत वाहून न जाता मुरेल. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून केलेला विचार होता तो. सरकारी वर्गात तेव्हा काय शिकवत होते कोण जाणे. पुढे ज्या विद्यापीठाला फुल्यांचं नाव मिळालं, ते उभं राहायला अजून पंच्याऐंशी वर्षं होती.

मला मात्र या सगळ्या इतिहासात एक माणूस सर्वांत जास्त आवडतो. डॉ. हॅरॉल्ड मॅन. आसामकडच्या चहामळ्यांचा रसायनतज्ज्ञ, १९०७ मध्ये प्राचार्य होऊन पुण्यात आला. रसायनतज्ज्ञाने काय करावं? प्रयोगशाळेत बसावं, मातीतला नत्र मोजावा. तेही त्याने केलं असेल. पण तो आपल्या सहकाऱ्यांना घेऊन औंधच्या पलीकडे, पवनेकाठच्या पिंपळे सौदागर नावाच्या गावात गेला आणि घरटी विचारत सुटला. जमीन किती, किती तुकड्यांत, बैल किती, कर्ज किती, कुणाचं, व्याज काय, लग्नाला खर्च किती झाला. हे सगळं १९१७ मध्ये छापून आलं. मी ते ग्रंथालयात पहिल्यांदा उघडलं तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो, आणि उघडलं ते पंखा बरा चालत होता म्हणून.

त्यात एक तक्ता आहे. गावातल्या एका खातेदाराकडे सरासरी जमीन किती? १७७१ मध्ये चाळीस एकर. १८१८ मध्ये साडेसतरा. १९१४-१५ मध्ये सात.

दुसरा हिशोब याहून कडू. मॅनने १०३ कुटुंबांची जमाखर्चाची बेरीज मांडली. नुसत्या जमिनीवर नीट जगू शकत होती ८. जमीन आणि बाहेरची मजुरी मिळून कसंबसं भागत होतं २८ जणांचं. उरलेली ६७ कुटुंबं कसंही केलं तरी तोट्यात. आणि बाहेरची मजुरी म्हणजे काय, तर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जाऊन काम. शंभर वर्षांपूर्वीच्या गावातला शेतकरी शेतीवर जगत नव्हता, शेतीला जगवायला कारखान्यात जात होता. आपल्या मनातलं ते जुनं, भरलेलं, स्वयंपूर्ण गाव त्या पानावर कुठेच सापडत नाही.

पिंपळे सौदागर शहराजवळ म्हणून तिथलं चित्र वेगळं असेल, अशी शंका मॅनलाच आली असावी. त्याने दुसरं गाव घेतलं, शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. कोरडवाहू, शहरापासून लांब. १९२१ मध्ये ती पाहणी छापली गेली, या वेळी कॉलेजमधलेच एन. व्ही. कानिटकर सहलेखक म्हणून. (आद्याक्षरांची ही इंग्रजी सवय आपल्या विद्वानांना अशी चिकटली की त्यांची पूर्ण नावं शोधताना नाकी नऊ येतात.) जातेगावचं चित्र पिंपळ्याहून वाईट निघालं.

इथे मला आबांच्या वाक्याचं पहिलं उत्तर मिळालं. पिंपळ्याच्या पाहणीत मॅनबरोबर फिरलेल्यांत व्ही. ए. ताम्हणे होते आणि कानिटकरही होते. याच ताम्हण्यांनी १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या शेतावर कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले, आणि कानिटकरांनी पुढे सगळं आयुष्य त्याच विषयात घातलं. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र निघालं. म्हणजे आधी वहीपेन्सिल घेऊन घरोघरी गेलेली माणसं नंतर बिनपाण्याच्या रानात जाऊन उभी राहिली. हा क्रम कुणी ठरवून दिला होता की नाही, माहीत नाही. मला तरी तो योगायोग वाटत नाही. सदुसष्ट तोट्यातली घरं एकदा मोजली की पाटाच्या पाण्यावरचे प्लॉट पाहून माणसाचं मन भरत नसणार.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आबांना मी मोठ्या उत्साहाने ही कोरडवाहू पद्धत वाचून दाखवली. रानाला बांध घाला. तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट. शेणखत. बियाणं कमी वापरा, दोन ओळींतलं अंतर वाढवा, दीड फुटावर पेरा. कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती हलवणं, पुन्हा पुन्हा करा. आबा तंबाखू मळत ऐकत होते.

"कोळपं हाललं की अर्धं पाणी दिल्यागत हाय, ही काय सोलापुरात शोधायला लागतंय व्हय?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पर अंतराचं बरोबर हाय. आमी दाट पेरतो. भ्या वाटतं, उगवायचं न्हाय म्हणून. आन खोल नांगराला चार बैल कुणाची आणायची?"

सत्तर वर्षांच्या संशोधनाची एवढी नेमकी समीक्षा मी नंतर कुठल्या चर्चासत्रात ऐकली नाही. ती पद्धत शास्त्र म्हणून खरी होती. पण ती पाळून उत्पादन वाढायचं पंधरा-वीस टक्के, तेही मुळात तुटपुंज्या उत्पादनावर, आणि त्यासाठी बैल, मनुष्यबळ, बांधाचा खर्च. लोकांनी त्यातलं परवडेल तेवढं उचललं आणि उरलेलं पुस्तकात ठेवलं. कुणी अडाणी म्हणून नाही, हिशोब येत होता म्हणून.

ज्या ज्वारीवर आबांचा जीव आहे ती मालदांडी. तिची गोष्टही याच घराण्यातली. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात लोकांच्या रानातल्या मालदांडीतून चांगली ताटं निवडत निवडत जो वाण वेगळा काढला, तो एम ३५-१. त्यानंतर किती वाण आले, किती गेले. रब्बीच्या भारी रानात हा अजून टिकून आहे. भाकरी गोड लागते आणि कडबा जनावरं आवडीने खातात, या दोन गोष्टींवर त्याला हरवणं अवघड. शेतकऱ्याकडून घेतलं, निवडलं, परत शेतकऱ्याकडे दिलं. शेतीच्या विद्याशाखेचं काम काय, असं कुणी मला एका ओळीत विचारलं तर मी मोहोळला जायची एसटी दाखवीन.

सगळंच काही बांधावर घडलं नाही, हेही सांगायला हवं. कॉलेजच्या शेतात एका कुंपणात पांढऱ्या झडपांच्या पेट्या होत्या, आत तापमापक. आम्हाला प्रात्यक्षिकाला तिथे उभं करत आणि आम्ही सावली शोधत असू. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून आजही तिथला चौक सिमला ऑफिसचा. तिथूनच १९३२ मध्ये कृषी हवामानाचा विभाग निघाला आणि कॉलेजच्या शेतावर त्याची वेधशाळा. प्रमुख होते एल. ए. रामदास. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली असणार, असं सगळं जग धरून चाललं होतं. रामदासांनी मोजलं तर सर्वांत गार थर जमिनीच्या थोडा वर, वीत-दोन वीत उंचीवर निघाला. अनेकांना वाटलं, मापकं चुकली असतील. मापकं बरोबर होती. आमच्याकडे डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेत थंडीच्या रात्री शेकोट्या करणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकवली की तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "तरीच."

आता डाळिंबाचं काढलंच आहे, तर आमच्या घरावर या महाविद्यालयाचं सर्वांत मोठं ऋण आणि सर्वांत मोठी जखम दोन्ही त्याच फळाची. गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रावर डॉ. जी. एस. चीमा होते. पेरूचा सरदार, म्हणजे एल-४९, त्यांच्याच निवडीतला. आळंदी नावाच्या डाळिंबातून १९३६ मध्ये त्यांनी एक झाड निवडलं, मऊ दाण्याचं, भरपूर फळ देणारं. ते 'गणेश' या नावाने प्रसारित झालं १९७० मध्ये. चौतीस वर्षं! आज एखादं ॲप चौतीस दिवसांत चाललं नाही तर गुंडाळतात.

१९९० च्या सुमारास राज्याने रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान दिलं आणि सांगोला, आटपाडीच्या माळावर डाळिंब चढलं. माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, १९९४ मध्ये दीड एकर गणेश लावला. मी तेव्हा पुण्यात त्याच झाडाच्या जन्मस्थानापासून सायकलने दहा मिनिटांवर राहत होतो, आणि अण्णा मला पत्रातून विचारायचा, मृगाचा बहार, म्हणजे फुलोरा, धरू का हस्ताचा? पाणी तोडायचं किती दिवस? मी सरांना विचारून उत्तर लिहायचो. मिळालेल्या पैशांतून घरावर स्लॅब पडला. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठातून भगवा आला, गणेशचीच पुढची पिढी, लालभडक दाण्याचा, परदेशी जाणारा. अण्णाने तोही लावला.

मग तेल्या आला. पानांवर तेलकट डाग, फळाला तडा, दोन पावसांत बाग काळी. सोलापूर जिल्ह्यात लोकांनी बागा उपटून पेटवल्या. आमची दीड एकर अण्णाने स्वतः उपटली. त्या रात्री त्याने फोनवर मला विचारलं, "तुमच्या कॉलेजात यावर काय न्हाय का?" मी बँकेत होतो, कॉलेजात नव्हतो, तरी ते 'तुमच्या' मला लागलं. सोलापुरात २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र आहे, स्वच्छता, विश्रांती, निरोगी रोपं, बहार बदलणं असं बरंच काही शिफारशीत आलं, आणि काहींच्या बागा त्यावर सावरल्याही. अण्णाने पुन्हा डाळिंब लावलं नाही.

संस्थेचा बाकीचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो कागदोपत्री सगळीकडे मिळतो. १९४९ मध्ये शेजारच्याच गणेशखिंडीत, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात, पुणे विद्यापीठ आलं आणि शेती ही त्याची एक विद्याशाखा झाली. साठच्या दशकात अमेरिकी धर्तीवर शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छपराखाली आणायची कल्पना आली. पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठातले तज्ज्ञ महाराष्ट्रात आले. १९६८ मध्ये राज्याचं एकच कृषी विद्यापीठ स्थापन झालं. ते कुठे असावं यावरून रान पेटलं, विदर्भातल्या आंदोलनात तरुणांचे जीव गेले. १९६९ मध्ये अकोल्याला वेगळं विद्यापीठ निघालं, १९७२ मध्ये परभणी आणि दापोली. राहुरीला राहिलेल्या मूळ विद्यापीठाच्या वाट्याला फुल्यांचं नाव आलं आणि पुण्याचं जुनं महाविद्यालय राहुरीच्या पंखाखाली गेलं. थोरल्याने धाकट्याच्या घरात राहायला जावं तसं. पुण्यातल्या काही जुन्या प्राध्यापकांच्या बोलण्यात ते अवघडलेपण माझ्या काळापर्यंत शिल्लक होतं.

त्यानंतरची वाढ खासगी महाविद्यालयांची. एकेका जिल्ह्यात कितीतरी. काही खरंच चांगली आहेत. काहींचं शेत तपासणी समिती येण्याच्या आठवड्यातच तेवढं हिरवं होतं. मुलींची संख्या मात्र या वाढीतूनच वाढली, तालुक्याच्या गावात कॉलेज आलं म्हणून कितीजणींना पाठवलं गेलं, हे मी माझ्याच भावकीत पाहिलं आहे. तेव्हा नाकं मुरडायची तर दोनदा विचार करून.

मला छळतो तो वेगळाच आलेख. बँकेत असताना एकदा पावसाळी दुपारी मी मॅनच्या तक्त्याखाली पेन्सिलने दोन ओळी जोडल्या. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खात्यावरची जमीन, १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकरांच्या वर. २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. एका गावाचा आकडा आणि अख्ख्या राज्याचा आकडा एका रांगेत मांडणं शास्त्राला धरून नाही, आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी कान धरला असता. तरी मांडले. इंजिनिअरिंगच्या कोपऱ्यातल्या एका वर्गाची चार विद्यापीठं झाली त्याच काळात खातं सव्वातीन एकरांवर आलं. त्यात विद्याशाखेचा दोष नाही, वाटण्या काही प्राध्यापक करत नाहीत. पण आमच्या सगळ्या शिफारशी 'हेक्टरी' असतात, आणि समोर खुर्चीत बसलेल्या माणसाकडे हेक्टर नसतो, हे मी रोज बघत होतो.

पिंपळे सौदागरला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा १९९५ मध्ये, मित्राच्या सायकलवर डबलसीट, मॅनचं पुस्तक वाचून झाल्यावर. तेव्हा नदीकडच्या बाजूला मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते, आणि एका म्हाताऱ्याने आम्ही प्लॉट बघायला आलो असं समजून भाव सांगितला. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, भाचीच्या घरभरणीला, अकराव्या मजल्यावर. बाल्कनीत तिने कुंड्यांत पुदिना लावला होता. "मामा, तुम्ही ॲग्रीवाले, बघा ना पानं का पिवळी पडतायत." पाणी जास्त होत होतं.

या दिवाळीनंतर गावी होतो. सकाळी दारात पाच मुली, पांढरे ॲप्रन, हातात फायली. जवळच्या महाविद्यालयातल्या कृषीकन्या, ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहायला आलेल्या. आम्हीही शेवटच्या वर्षी असंच केलं होतं, फक्त आम्हाला कृषीदूत म्हणत. त्यांनी अण्णाकडून बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक ठरवून घेतलं, ओट्यावर बसून चहा घेतला. त्यांतली एक, चष्मेवाली, आबांच्या शेजारी बसली. आबा आता सत्त्याऐंशीचे. ऐकू कमी येतं, पण आवाज खणखणीत.

"आजोबा, जमीन किती आहे तुमची?"

"आं?"

"जमीन, जमीन. किती एकर?"

आबांनी तिच्या फायलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. "कवाची सांगू?"

तिला कळलं नाही. तिच्या फॉर्ममध्ये एकच चौकोन होता.

"आमच्या आज्याची बत्तीस एकर हुती," आबा म्हणाले. "एकरकमी न्हवं, सा जागी. त्यातली वढ्याकडची सावकारानं नेली..."

मी मध्ये पडून, बाळ, आत्ताची आठ एकर लिही, दोघा भावांत, असं सांगणार होतो. तिने हाताने मला थांबवलं, फॉर्म उलटा केला, कोऱ्या बाजूला वर 'आजोबांचे आजोबा' असं लिहिलं आणि विचारलं, "ओढ्याकडची किती होती?"